बत्तीस मीटर

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या मैदानावर माझ्या हातून एक चूक झाली. सुरुवातीला ती खरोखर चूकच होती. पुढचे तीन आठवडे मात्र तिला चूक म्हणता येणार नाही. त्या तीन आठवड्यांबद्दल लिहायचं बरेच दिवस टाळत होतो. आज लिहितो.

मी अकोल्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. उर्दू आणि मराठी हे माझे विषय. खेळ हा माझा विषय नाही. पण ज्या शाळेत क्रीडाशिक्षक नसतो तिथे ते काम कोणाच्या तरी गळ्यात पडतंच. स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, "सर रोज सकाळी पळायला जातात, त्यांनाच द्या." झालं. शिट्टी, स्टॉपवॉच आणि एका खोक्यात चार जुने भाले माझ्या ताब्यात आले.

पळायला जात होतो हे खरं. चव्वेचाळिसाव्या वर्षी रक्तातली साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, चाला. चालता चालता कंटाळा आला म्हणून थोडं पळून पाहिलं. अकोल्यात मार्च ते जून पहाटे फजरच्या नमाजनंतर जो काय अर्धा-पाऊण तास मिळतो तेवढाच पळण्याचा. सात वाजले की ऊन डोक्यावर बसतं. वर्षभरात मला एक गोष्ट समजली. पोट थोडं कमी झाल्याचा आनंद होतो, पण कालच्यापेक्षा आज चार सेकंद कमी लागले याचा आनंद वेगळाच असतो. शाळेतल्या पोरासारखा मी वहीत वेळा लिहायला लागलो.

जुलैमध्ये शालेय स्पर्धांसाठी मुलं-मुली निवडायची होती. मी सगळ्यांना मैदानाला चार फेऱ्या मारायला सांगितल्या. पोरं शिट्टी वाजताच सुसाट सुटली आणि दुसऱ्या फेरीत कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. नववीतली एक मुलगी पहिल्या फेरीत सर्वांच्या मागे होती. दुसरीतही मागेच. तिसऱ्या फेरीत ती एकेकाला ओलांडत गेली आणि चौथ्या फेरीत मैदानावर एकटीच पळत होती. डोक्याला स्कार्फ, शाळेचा सलवार-कुर्ता, पायात साधे कापडी बूट. वेग पहिल्या फेरीत जेवढा तेवढाच शेवटच्या फेरीत. तिला कोणी काही शिकवलं नव्हतं. मी स्टॉपवॉच पाहिलं: २ मिनिटं ५८ सेकंद.

आठशे मीटर ही मोठी अवघड शर्यत आहे. शंभर मीटरसारखं डोळे मिटून सुटता येत नाही आणि पाच हजारासारखं रमतगमत सुरुवात करता येत नाही. पहिले चारशे मीटर जरा जोरात गेले तर सहाशे मीटरवर पाय शिशाचे होतात. जरा हळू गेले तर शेवटी ताकद उरते आणि तिचा उपयोग नसतो. आपली चाल आपल्याला अचूक माहीत असावी लागते. त्या मुलीला ती उपजत माहीत होती.

तिचे वडील बाजार समितीत मापारी आहेत. तूर, सोयाबीन, हरभऱ्याचे कट्टे काट्यावर चढतात, ते वजन पाहून पुकारतात आणि लिहून घेतात. मुलीच्या पळण्याबद्दल विचारायला मी भीत भीत त्यांच्याकडे गेलो. नकार येईल असं गृहीत धरलं होतं. म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयशा (रजि.) यांच्या शर्यतीची हदीस तयार ठेवली होती: एका सफरीत दोघं पळाले तेव्हा आयशा (रजि.) जिंकल्या, पुढे काही काळाने पुन्हा पळाले तेव्हा प्रेषित जिंकले, आणि ही त्या वेळची परतफेड असं ते म्हणाले. मला ही हदीस फार आवडते. घरातला तो हसरा हिशेब आहे. पण ती सांगायची वेळच आली नाही. मापारीभाई म्हणाले, "पळू द्या. फक्त मगरिबच्या आत घरी आली पाहिजे." आपणच आपल्या लोकांबद्दल किती गोष्टी गृहीत धरतो!

आता मैदानाचं सांगतो. आमचं मैदान म्हणजे वऱ्हाडची काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल. चारशे मीटरचा ट्रॅक बसेल एवढी जागा नाही. म्हणून मी दोनशेचा आखला. दोन सरळ बाजू ४० मीटरच्या, म्हणजे ८० मीटर. उरलेले १२० मीटर दोन्ही टोकांच्या अर्धवर्तुळांत. दोन अर्धवर्तुळं मिळून एक वर्तुळ, १२० मीटर परिघाचं; म्हणजे त्रिज्या सुमारे १९.१० मीटर. इथपर्यंत गणित बरोबर होतं. मी १९.१० मीटर सुतळीचा दोर मोजून कापला, मधोमध खुंटी ठोकली, दोर बांधला, दुसरं टोक हाताला गुंडाळलं आणि फिरत फिरत फक्की टाकत गेलो. पावसाने फक्की धुतली की पुन्हा तोच दोर, तीच गाठ. ट्रॅक सुंदर दिसत होता. मुख्याध्यापकांनी फोटो काढला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी २ मिनिटं ४४ सेकंदांवर आली. सहा आठवड्यांत चौदा सेकंद! ती तिच्या वहीत प्रत्येक वेळ तारखेसकट लिहायची. मजकूर उर्दूत, उजवीकडून डावीकडे. आकडे मात्र डावीकडून उजवीकडे, जसे ते मराठीतही असतात. माझीही प्रगती झाली होती. चार फेऱ्या ३ मिनिटं १२ सेकंदांत. पंचेचाळीस वर्षांच्या मास्तराला हे कमी नाही, असं मी दोन-तीन जणांना सहज सांगितल्यासारखं सांगितलंही होतं.

त्याच महिन्यात एका रविवारी अमरावतीला गेलो. माझं बीएड अमरावतीचं, २००३ सालचं. तिथे माझा खोलीमित्र होता, तो पुढे बीपीएड करून मैदानावरच रमला. अकोला-अमरावती म्हणजे शंभरेक किलोमीटर. हा रस्ता आता वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. जून २०२२ मध्ये याच मार्गावर एका मार्गिकेचा ७५ किलोमीटर डांबरी रस्ता सलग १०५ तास ३३ मिनिटांत झाला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. बसमध्ये बसलो की कोणीतरी हे सांगतंच. विक्रमाच्या रस्त्यावरून मी माझ्या छोट्या विक्रमाची बातमी घेऊन निघालो होतो.

अमरावतीत आम्ही दोघं सवयीने हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे वळलो. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेली ही संस्था. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या पथकाने जर्मनीत जाऊन कबड्डी आणि भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले होते. बीएडला असताना मी या बाजूने जायचो तेव्हा एका शब्दाची गंमत वाटायची. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे आखाडा. उर्दूतला उस्ताद मराठीत येऊन वस्ताद झाला आणि लंगोट कसून लाल मातीत उतरला. मी अब्बांना सांगायचो, "तालीम घ्यायला अमरावतीला आलोय." मराठी शेजाऱ्यांना ते हसू यायचं, कारण माझी तब्येत त्या काळी काडीसारखी होती.

मित्राला मी मुलीचे आकडे सांगितले. त्याने कौतुक केलं आणि मग सहज विचारलं, "ट्रॅक कशाने आखला?"

"दोराने."

"दोर मोजून गाठ मारली, की गाठ मारून मोजला?"

मी गप्प झालो. तो हसला. म्हणाला, "स्टीलचा टेप घे. आतल्या रेषेवर मोजू नको. धावणारा रेषेवर पळत नाही, तिच्या थोडा बाहेरून पळतो. नुसती फक्कीची रेष असेल तर तिच्यापासून वीस सेंटिमीटर बाहेर मोज. आणि मग मला फोन कर."

सोमवारी शाळा सुटल्यावर चौकीदाराला टेपचं एक टोक धरायला लावलं. सरळ बाजू बरोबर निघाल्या. त्रिज्या भरली १७.८३ मीटर. खुंटीभोवती दोन वेढे, वर गाठ, हाताला दोन वेढे: यातच सव्वा मीटर दोर खर्ची पडला होता. सव्वा मीटर ऐकायला काहीच नाही. पण त्रिज्या सव्वा मीटरने आत आली की परिघ आठ मीटरने आकसतो. आमचा ट्रॅक २०० मीटरचा नव्हताच. तो १९२ मीटरचा होता. चार फेऱ्यांचे झाले ७६८ मीटर. बत्तीस मीटर कमी.

मी तिथेच मातीत बसून हिशेब केला. ७६८ मीटरला १६४ सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे ४.७ मीटर. उरलेल्या ३२ मीटरला जवळपास सात सेकंद. तिचे २:४४ म्हणजे खरे २:५१. माझे ३:१२ म्हणजे ३:२०.

चूक इथे संपली. यापुढचं मी जाणूनबुजून केलं.

जिल्हा स्पर्धेला तीन आठवडे होते. मी मनाशी म्हटलं, आता सांगितलं तर पोरीचं मन खचेल. वडिलांनी मोठ्या विश्वासाने परवानगी दिली आहे. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर तिची वेळ जाहीर केली आहे. स्पर्धा होऊ दे, मग शांतपणे ट्रॅक दुरुस्त करू, कोणाला कळणारही नाही. ही सगळी कारणं चांगली होती. त्यांच्या तळाशी एक कारण होतं, ते मी मनाशीही म्हटलं नाही: मला माझे ३:१२ सोडवत नव्हते, आणि चुकीचा ट्रॅक आखणारा मास्तर म्हणून मला हसं करून घ्यायचं नव्हतं. मित्राला फोनही केला नाही.

स्पर्धेच्या दिवशी ढगाळ होतं, हवा बरी होती. चारशे मीटरचा पूर्ण ट्रॅक पाहून ती थोडी दबली. आठशे म्हणजे इथे दोनच फेऱ्या. शिट्टी झाली. ती नेहमीसारखी मागून निघाली, दुसऱ्या फेरीत तिघींना मागे टाकलं आणि सहावी आली. माझ्या घड्याळात २:४९ होते.

माझ्या जवळ येऊन तिने पहिल्यांदा वेळ विचारली. मी सांगितली. ती खाली बसली आणि रडायला लागली. "सहावी आले त्याचं काही नाही सर. पण मी पाच सेकंद मागे गेले. दोन महिने पळून मी मागे गेले."

वाचकहो, ती मागे गेली नव्हती. ती त्या दिवशी आयुष्यातली सर्वांत चांगली धाव धावली होती. २:५१ वरून २:४९. नवीन ट्रॅक, अनोळखी मुली, पहिलीच मोठी स्पर्धा, आणि तरी दोन सेकंदांची सुधारणा. तिच्या हातात आनंदाची गोष्ट होती आणि माझ्या मोजमापामुळे ती तिला पराभव दिसत होती. तोंड उघडायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "होतं बेटा असं. मैदान नवीन होतं."

दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर आली नाही.

त्या आठवड्यात रात्री झोप लागेना तेव्हा मी अविनाश साबळेच्या शर्यती पाहत बसायचो. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा, लष्करात गेला आणि ३००० मीटर स्टीपलचेस धावायला लागला. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या असतात. गोपाल सैनी यांनी १९८१ साली केलेला ८:३०.८८ चा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षं टिकला होता. साबळेने तो २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८:२९.८० वेळ देऊन मोडला. एका सेकंदाहून थोडा जास्त फरक. त्यानंतर मोडायला समोर दुसरा कोणी भारतीय उरलाच नाही. तो स्वतःचेच विक्रम मोडत गेला. पतियाळात ८:२८.९४. दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत ८:२५.२३ आणि अंतिम फेरीत ८:२१.३७, त्या अंतिम फेरीत तो तेरावा आला होता. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ८:१८.१२ आणि तरी अंतिम फेरी हुकली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि रौप्यपदक. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने गेलं. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. सहा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय विक्रम, आणि एकूण कमाई वीस सेकंदांनाही थोडी कमी.

हे आकडे पूर्वीही वाचले होते. या वेळी ते वेगळे दिसले. तेराव्या क्रमांकावर आलेला माणूस त्याच धावेत स्वतःच्या आयुष्यातला सर्वोत्तम असू शकतो, हे दोहाने दाखवलं. साताऱ्यातल्या मोहीच्या ललिता बाबरचंही तसंच. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिने प्राथमिक फेरीत राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. क्रमांक ही दुसऱ्यांची गोष्ट सांगतो, वेळ ही आपली. पण आपली गोष्ट खरी ठरायला एक अट आहे. पतियाळाचे चारशे मीटर आणि दोहाचे चारशे मीटर सारखे असले पाहिजेत. साबळेला भुवनेश्वरमध्ये कोणी बत्तीस मीटर माफ केले असते, तर त्याला पुढचं वर्षभर आपण मागे जातोय असंच वाटलं असतं. मेहनत ज्याची त्याची असते. माप मात्र सर्वांचं एकच असावं लागतं, नाहीतर मेहनत केल्याचं मेहनत करणाऱ्यालाच कळत नाही.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर मी बाजार समितीत गेलो. सोयाबीनची आवक सुरू झाली होती. मापारीभाई काट्याजवळ उभे होते. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं: दोर, गाठ, १९२, बत्तीस मीटर, सात सेकंद. आमचं बोलणं घरच्या उर्दूतच झालं, पण बाजाराची गोष्ट निघाली की ते आपोआप वऱ्हाडीवर येतात. ते वाक्य मी तसंच देतो.

"सर, कट्टा काट्यावर चढवला का पहिले बारदान कापा लागते. तुमी गाठीचं बारदान कापलंच नाही."

इतकं सोपं होतं ते. पोत्याचं वजन वजा केल्याशिवाय मालाचं वजन नसतं. गाठीचा दोर वजा केल्याशिवाय त्रिज्या नसते. मला हायसं वाटलं. समजून घेतलं, असं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "कधी समजलं?"

"स्पर्धेच्या तीन आठवडे आधी."

ते थोडा वेळ काट्याकडे पाहत राहिले. "बारदान इसरलं तर चूक हाय, सर. मालूम असून नाही कापलं तर त्याले काटा मारनं म्हन्तात." आणि मग, "मले कायले सांगता? जिचा काटा मारला तिले सांगा."

कुरआनमध्ये मापात कमी देणाऱ्यांसाठी एक अख्खी सूरह आहे, मुतफ्फिफीन. मी ती किती वेळा वाचली असेल आणि दर वेळी दुकानदार डोळ्यांसमोर आणले असतील. त्या दिवशी पहिल्यांदा मला दुकानात मी दिसलो.

शनिवारी मी वर्गात सांगितलं. तिला एकटीला बोलावून सांगता आलं असतं, पण तिची वेळ सर्वांसमोर जाहीर झाली होती. फळ्यावर ट्रॅकची आकृती काढली, त्रिज्या लिहिली, वजाबाकी केली. मुलांना आधी गंमत वाटली. मग मी तिच्याकडे पाहून म्हणालो, "तू पाच सेकंद मागे गेली नाहीस. तू दोन सेकंद पुढे गेलीस. मागे मी होतो." तिने वडिलांचाच प्रश्न विचारला, त्याच शब्दांत. मी तेच उत्तर दिलं. ती काही बोलली नाही. डोळे खाली करून वहीवर बोट फिरवत राहिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि ते ऐकायचा मला हक्कही नव्हता.

रविवारी सकाळी मी नवीन टेप घेऊन मैदानावर गेलो. बघतो तर मापारीभाई फाटकाशी उभे, बाजूला मुलगी. "मोजायचं काम हाय ना," एवढंच म्हणाले. या वेळी दोर नव्हता. खुंटीत टेपची कडी अडकवली आणि ताणून धरली. मुलगी फक्की टाकत गेली. शेवटी पूर्ण फेरी मोजली तर २०० मीटर आणि वर २० सेंटिमीटर भरली. मी ते वीस सेंटिमीटर कमी करायला निघालो तर मापारीभाईंनी अडवलं. "ऱ्हाऊ द्या. माप झुकतं पायजे."

नंतर मित्राला फोन केला तेव्हा तो मोठ्याने हसला. म्हणाला, जगभर हेच करतात. रस्त्यावरच्या शर्यतीचा मार्ग मोजताना दर किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त धरतात. मॅरेथॉनच्या मार्गात अशा हिशेबाने ४२ मीटर जादा असतात. मोजण्यात काही चूक राहिलीच तर मार्ग लांब भरावा, कमी भरू नये. म्हणजे कोणाचा विक्रम खोटा ठरत नाही. झुकतं माप देण्याची शिकवण आमच्याकडे तोलणाऱ्याला दिली आहे. ती ट्रॅकलाही लागू पडते, हे मला मापारीभाईंकडून कळलं.

उर्दूत एक शब्द आहे, मुहासबा. दिवसाच्या शेवटी माणसाने स्वतःची झडती घ्यावी, काय कमावलं आणि काय गमावलं ते पाहावं, त्याला मुहासबा म्हणतात. मराठीतला हिशेब त्याच अरबी धातूतून आलेला. वर्गात मी हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून मुलांना नातं दाखवतो. आता त्यात एक भर घालतो. स्वतःची झडती घेताना माप स्वतःच्या सोयीचं असेल तर ती झडती नाही, ते स्वतःचं कौतुक आहे. आणि दुसऱ्याला, विशेषतः लहान मुलाला, खोटं माप देऊन खूश करणं ही माया नाही. आमच्या समाजात हे बरंच चालतं. मुलगा कच्चा असला तरी "आमच्यातला एवढा शिकतोय हेच खूप" म्हणून पाठ थोपटतात. मीही थोपटली आहे. तो मुलगा मग अमरावतीला किंवा पुण्याला चारशे मीटरच्या पूर्ण ट्रॅकवर जातो आणि त्याला वाटतं आपण मागे पडलो. आपल्या प्रेमाचे बत्तीस मीटर त्याला तिथे एकट्याने भरून काढावे लागतात.

नवीन ट्रॅकवर मुलगी पहिल्यांदा धावली तेव्हा वेळ आली २:५३. माती ओली होती. तिने तोंड वाकडं केलं, पण वही काढली. मी समजत होतो ती जुनी पानं फाडेल किंवा निदान जुन्या वेळांवर काट मारेल. तिने तसं काही केलं नाही. जुलैपासूनच्या प्रत्येक वेळेपुढे तिने बारीक अक्षरात एकेक आकडा लिहिला: ७६८. वेळा खऱ्याच होत्या. अंतर तेवढं चुकलं होतं, ते तिने दुरुस्त केलं. जिल्हा स्पर्धेच्या २:४९ पुढे लिहिलं ८००, आणि त्याखाली एक रेघ ओढली.

त्या रात्री मी माझी वही काढली. ३:१२ पुढे ७६८ लिहिलं. हात थोडा जड झाला होता, हे कबूल करतो.

ती आता दहावीत आहे. अभ्यास सांभाळून आठवड्यातून तीन दिवस येते. या जुलैमध्ये ती आमच्या मातीवर २:४५ धावली, मोजलेले आठशे मीटर. ३५ वर्षांवरच्यांच्या मास्टर्स स्पर्धा असतात, पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत. मित्र म्हणतो, एकदा उतरून बघ. उतरेन की नाही माहीत नाही. माझी वेळ सध्या ३:१७ आहे. पूर्वीच्या ३:१२ पेक्षा पाच सेकंद जास्त, आणि तरी माझी आजवरची सर्वांत चांगली.